पेशंट कशाने पडला, तेही लिहा

गेल्या आठवड्यात मधुमेही रुग्णांनी पायांची निगा कशी राखावी, याविषयी लिहिले होते. या आठवड्यात दम्याविषयी लिहायचे ठरवले होते. पण परवा दवाखान्यातील कपाट आवरताना एक जुना केसपेपर हाती आला आणि विषय बदलावा लागला. हा विषय आरोग्याचा की कायद्याचा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. शेवटपर्यंत वाचून मग ठरवावे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवस बाजाराचा, वेळ संध्याकाळी साडेसातच्या सुमाराची. चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा आपल्या आईला रिक्षातून घेऊन आला. दोघे मोटारसायकलवरून गावी परत चालले होते. रस्ता रोजचा, पायाखालचा. पण आदल्याच दिवशी त्या रस्त्यावर नवा गतिरोधक झाला होता. त्यावर पांढरे पट्टे नव्हते, अलीकडे फलक नव्हता, जवळपास दिवाही नव्हता. डांबराच्या रस्त्यावर डांबराचाच उंचवटा अंधारात दिसणार कसा? आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर बाजाराची पिशवी. गाडी उडाली. मुलगा कसाबसा सावरला, पण आई मागच्या मागे डोक्यावर आपटली.

बाई शुद्धीवर होत्या. "मला काही झालं नाही डॉक्टर, मेथी सगळी सांडली बघा," असे मलाच सांगत होत्या. अर्ध्या तासात एक उलटी झाली. मग त्यांना झोप येऊ लागली आणि एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली. कवटीच्या आत रक्त साचून मेंदू दाबला जात असल्याची ही खूण. मी घाईने चिठ्ठी लिहिली आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दिवसकार्य उरकल्यावर मुलगा माझ्याकडे आला. डोके भादरलेले, हातात कागदांची पिशवी. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आईला मी मारलं असं कागदावर आलंय."

तसे खरेच आले होते. हयगयीने वाहन चालवून आईच्या मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा त्याच्यावर नोंदवला गेला होता. मी कागद एकेक करून पाहिले. सर्वात वर माझीच चिठ्ठी होती. "दुचाकीवरून पडून डोक्यास मार." एवढे चार शब्द. मोठ्या रुग्णालयाने माझे शब्द उतरवून घेतले, पोलिसांनी रुग्णालयाचे. गतिरोधकाचा उल्लेख कुठेच नव्हता. पंचनामा झाला तोपर्यंत कोणीतरी येऊन त्यावर पांढरे पट्टे ओढून गेले होते. त्यामुळे पंचनाम्यात "गतिरोधक असून त्यावर पांढरे पट्टे आहेत" असे नमूद झाले. पंचनाम्याच्या दिवशी ते खरेही होते.

त्या मुलाला मी माझ्या परीने दाखला लिहून दिला. पण नंतर लिहिलेल्या दाखल्याला पहिल्या तासातल्या चिठ्ठीचे वजन येत नाही. तीन-साडेतीन वर्षे तारखा करून तो सुटला. कायद्यातून सुटला एवढेच. मनातून सुटलेला नाही, हे त्याच्या रक्तदाबावरून मला दर महिन्याला कळते.

वाचकहो, मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. रस्त्यावरील धोक्याला जबाबदार धरणारा कायदा आपल्या देशात अजिबातच नाही, असे नाही. पण तो धोका कागदावर येतच नाही. आणि कागदावर न येण्याची सुरुवात आम्हा डॉक्टरांच्या टेबलापासून होते.

एखाद्या गल्लीत कावीळचे चार रुग्ण निघाले, तर आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "पाणी कुठलं पिता?" जुलाब लागले तर "काल काय खाल्लं?" आजाराचे मूळ शोधण्याची ही सवय आम्हाला कॉलेजातच लावलेली असते. पण मोडलेला हात घेऊन माणूस आला की आम्ही हाड कुठे मोडले ते लिहितो, कशाने मोडले ते लिहीत नाही. "पडून," "घसरून," "स्लिप होऊन" हे आमचे ठरलेले शब्द. एकाच मोरीपाशी महिन्यात पाच जण पडले, तर ती मोरी म्हणजे दूषित विहीरच की! पण पाच केसपेपरांवर पाच वेळा "पडून" असे लिहिले, तर ती विहीर कोणाच्या लक्षात येणार?

आपल्या भागातील रस्ते शरीराचे काय करतात, ते थोडक्यात सांगतो.

गतिरोधकाचेच घ्या. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेत नेहमीचा गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने येणारे वाहन धक्का न बसता जावे. अलीकडे सूचनेचा फलक आणि वर रंगाचे पट्टे हवेत, हेही त्यातच आले. आपल्याकडे मात्र हातभर रुंदीचा आणि वीतभर उंचीचा ढिगारा असतो. एस. टी.च्या मागच्या बाकावरील म्हातारी अशा ढिगाऱ्यावर फूटभर उडून खाली आदळते आणि तिच्या पाठीचा मणका दबतो. वयामुळे हाडे आधीच ठिसूळ झालेली. ती चार दिवसांनी "कंबर धरलीय" म्हणून येते आणि तिला गोळ्या दिल्या जातात. क्ष-किरण काढला तर कळते की मणक्याची पाचर झाली आहे.

खड्ड्यात पुढचे चाक अडकले की दुचाकीस्वार हँडलवरून पुढे जातो. मग मनगट, गळ्याचे हाड आणि चेहरा. पाण्याने भरलेला खड्डा तर रस्त्यासारखाच दिसतो. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत वीतभर खाच असली की समोरच्या गाडीला वाट द्यायला खाली उतरलेली दुचाकी पुन्हा वर चढताना आडवी होते आणि मागून ट्रक येत असतो.

गळीत हंगामात यात उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने किंवा लोंबणाऱ्या उसाने झाकलेला. टायर फुटला की ट्रॉली जागच्या जागी उभी. चाकांना दगड लावायचे आणि माणूस आणायला जायचे. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, दगड मात्र रस्त्यावर तसेच राहतात. त्या दगडांनी पडलेले रुग्ण मी मोजणे सोडून दिले आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मी वकील नाही, पण त्या मुलाच्या प्रकरणानंतर एका वकील मित्राकडे बसून बरेच समजून घेतले.

दिल्लीच्या चांदणी चौकातील जुना घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळून माणसे दगावली. त्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरले. रहदारीच्या रस्त्यालगत ज्याची वास्तू आहे त्याने ती वेळोवेळी तपासली पाहिजे, आतला दोष दिसत नव्हता ही सबब चालणार नाही, असे त्या निकालाचे सार आहे. याउलट राजकोटला १९७५ साली रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एक पादचारी गेला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १९९७ पर्यंत चालले आणि तेथे निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. तिची हयगय सिद्ध झाली नाही. दोन्हीकडे माणूस गेला, दोन्हीकडे पालिका होती, तरी निकाल दोन. त्यामुळे धोका होता एवढे सांगून भागत नाही. त्या धोक्याची कल्पना संबंधितांना होती किंवा असायला हवी होती, हेही दाखवावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मोटार अपघाताचे दावे ज्या न्यायाधिकरणापुढे चालतात, तेथे मुख्यतः वाहनाचा मालक, चालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध दाद मागता येते. उभ्या वाहनालाही त्यातून सुटका नाही. वाहन धोकादायक रीतीने रस्त्यात सोडून जाण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ने मनाई आहे. महामार्गाच्या मध्ये दिवे वा खूण न ठेवता सोडलेल्या ट्रेलरवर मोटारगाडी आदळल्याच्या एका प्रकरणात खालच्या न्यायालयांनी मोटारचालकाचीही निम्मी चूक धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते बदलून संपूर्ण जबाबदारी ट्रेलरवाल्याची ठरवली. "मागून येऊन धडकला म्हणजे त्याचीच चूक," असे चावडीवर बसून ठरवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पण समोर दुसरे वाहनच नसेल, फक्त खड्डा असेल, तर? येथेच पोकळी होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानदंडांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित अधिकारी, सल्लागार वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हा दंड अपघात निधीत जमा होतो, घरातला माणूस गेलेल्यांच्या हाती तो थेट येत नाही. शिवाय लाखाचा आकडा कोट्यवधींच्या कंत्राटापुढे केवढासा?

त्यापुढचे पाऊल मुंबई उच्च न्यायालयाने टाकले. एका न्यायमूर्तींनीच खड्ड्यांविषयी लिहिलेल्या पत्रावरून २०१३ मध्ये तेथे जनहित याचिका सुरू झाली होती. चांगला रस्ता मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्या प्रकरणात न्यायालयाने मांडले. १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात रकमाही ठरवून दिल्या. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना दुखापतीच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये. भरपाई ठरवणाऱ्या समितीवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. दिलेली रक्कम दोषी अधिकारी वा कंत्राटदाराकडून वसूल करावी, असेही न्यायालयाने म्हटले आहे. हा आदेश खड्डे आणि मॅनहोल यांच्यापुरता आहे. बिनरंगाचा गतिरोधक, दगड, तुटलेला कठडा यांसाठी दिवाणी दाव्याची लांबची वाट अजून तशीच आहे. हा फरक न्यायालयाने किंवा सरकारने मिटवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गतिरोधकावर डोके आपटलेल्या बाईचा मेंदू खड्ड्यात पडलेल्या बाईच्या मेंदूपेक्षा निराळा नसतो.

आता दुसरी बाजू. अनेक जण म्हणतील, "डॉक्टर, पोरं गाड्या उडवतात, हेल्मेट घालत नाहीत, दारू पिऊन चालवतात, त्याचं काय?" खरे आहे. त्यांनाही मीच टाके घालतो आणि टाके घालताना खडसावतोही. त्या बाईंच्या डोक्यावर हेल्मेट असते, तर कदाचित त्या आज मेथी निवडत बसल्या असत्या. पण एका माणसाला मधुमेह आणि क्षयरोग दोन्ही असले, तर मधुमेहाकडे बोट दाखवून आम्ही क्षयाचे औषध बंद करत नाही. चालकाची चूक चालकाच्या नावावर लिहावी, रस्त्याची चूक रस्त्याच्या धन्याच्या नावावर. आज दोन्ही चुका चालकाच्याच खात्यावर पडतात, आणि मेलेला चालक उत्तर द्यायला येत नाही.

रस्त्याचा धनी म्हणजे फक्त सरकार, असेही समजू नये. शेताच्या पाइपलाइनसाठी रात्रीतून आडवा रस्ता खोदणारे कोण? आपणच. घराच्या बांधकामाची वाळू आणि खडी अर्ध्या रस्त्यावर ओतणारे, लग्नाच्या मांडवासाठी डांबरात पहारीने भोके पाडणारे, पीक मळायला रस्त्यावर पसरणारे, दूध काढून झाल्यावर गाय मोकळी सोडणारे, हेही आपणच. गावात एक अपघात झाला की दुसऱ्या दिवशी तरुण मंडळी सिमेंट कालवून स्वतःच गतिरोधक घालतात. हेतू चांगला, पण बिनपरवाना घातलेल्या त्या गतिरोधकावर उद्या कोणी मेला, तर जबाबदारी कोणाची? सार्वजनिक वाटेवर धोका निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे. त्यात माणूस गेला तर हयगयीने मृत्यूचे कलम १०६ पुढे येऊ शकते, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा पालिकेला शिव्या देण्यापूर्वी आपल्या दारापुढच्या वाळूभोवती निदान चार दगड चुना लावून ठेवा, आणि काम संपल्यावर ते दगडही उचला.

आता अपघात झाल्यावर काय करावे ते सांगतो. हे कात्रण कापून ठेवले तरी चालेल.

१. आधी माणूस. मानेला हिसका बसेल असे उचलू नका, बसवून पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल, तर "बोलतोय म्हणजे ठीक आहे" असे समजू नका. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसले की मोठ्या रुग्णालयात न्या. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे त्याला संरक्षण आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची सोय आहे. ठरलेल्या रुग्णालयात पोचल्यावर तिची चौकशी जरूर करा.

२. रुग्णाला रवाना केल्यावर दुसऱ्या कोणीतरी लगेच जागेचे फोटो काढावेत. नुसत्या खड्ड्याचा फोटो कोठलाही असू शकतो. फोटोत मैलाचा दगड, विजेचा खांब, दुकानाची पाटी असे ओळखीचे काही आले पाहिजे. खोली कळण्यासाठी शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवा. हे त्याच दिवशी करा. जो खड्डा वर्षभर बुजत नाही, तो माणूस गेल्यावर एका रात्रीत बुजतो.

३. डॉक्टरला आणि पोलिसांना कारण स्पष्ट सांगा, आणि लिहिले का ते वाचून पहा. "पडून" यावर समाधान मानू नका. पंचनाम्यात खड्डा, उंचवटा, उभी ट्रॉली, नसलेला दिवा आणि नसलेला फलक यांचा उल्लेख आग्रहाने करवून घ्या.

४. विम्याचे कागद पहा. वाहनमालक-चालकासाठी १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याची तरतूद आहे. स्वतः मालक चालवत असताना, परवाना असताना खड्ड्यात पडून मृत्यू आला, तरी तो दावा करता येतो. कित्येक घरांत हे माहीतच नसते. दुसऱ्या वाहनाचा संबंध असेल, तर न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेव्हा वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबू नका. वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

५. अपघाताची वाट पाहू नका. धोका दिसला की ज्याचा रस्ता असेल त्या कार्यालयाला साध्या कागदावर अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. वर राजकोटच्या निकालाची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती, ती यासाठी. शिक्का मारलेला अर्ज म्हणजे "आम्हाला कल्पना नव्हती" या सबबीला दिलेले उत्तर. कोण कुठल्या कोर्टात जाईल सांगता येत नाही, पण तुमचा तो कागद एखाद्या अनोळखी माणसाच्या मुलाबाळांना उपयोगी पडू शकेल.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. साक्षीला जावे लागेल, या भीतीने आपण कमी लिहितो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण रुग्णाने किंवा नातेवाइकाने जे सांगितले, ते "त्यांच्या सांगण्याप्रमाणे" म्हणून लिहिण्यात आपण कोणावर आरोप करत नाही. "अमुक रस्त्यावर, अमुक ठिकाणी, रंग नसलेल्या गतिरोधकावरून गाडी उडून पडल्याचे मुलाने सांगितले," एवढे एक वाक्य लिहायला अर्धा मिनिट लागतो. मला त्या दिवशी तो अर्धा मिनिट सुचला नाही.

त्यानंतर मी केसपेपर नव्याने छापून घेतले. त्यात "काय झाले" याच्या खाली "कशामुळे" आणि "कुठे" असे दोन रकाने आहेत. वर्षाअखेरीस ते रकाने उतरवून काढतो आणि ज्या जागी तीनपेक्षा जास्त माणसे पडली, त्या जागांची यादी अर्जासोबत संबंधित कार्यालयात देतो. मागच्या खेपेला यादीत सहा जागा होत्या. दोन दुरुस्त झाल्या. चार राहिल्या आहेत, आणि त्या अर्जाची आवक शिक्क्याची प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. कोणाला कधी लागली, तर येऊन घेऊन जावी.

दम्याविषयी पुढच्या आठवड्यात.